एकविसाव्या ओळीपासून पुढे

आठ सुयांची एक ओळ. अशा ओळी पन्नास.

अव्वा, माझी आई, डाव्या हाताने भाकरी थापते. लग्न होऊन आली तेव्हा आजीने तीन महिने तिला उजव्या हाताने थापायला लावली. भाकरीचा एक काठ जाड, एक पातळ. मग आजीच कंटाळली.

थांबलेला माग कापड बिघडवत नाही. हे अप्पांचं वाक्य.

मी चार वर्षांची असताना आमच्या घरातली कातरी हरवली. आजीने मला मारलं. मी घेतली नव्हती.

हिंदुराव जॉबर, कारखान्यातले माग दुरुस्त करणारा, करकंबचा. कडक भाकरी चहात बुडवून खातो आणि वर म्हणतो, सोलापूरकरांना भाकरी करता येत नाही.

मोतीबिंदू, उजवा डोळा, १९७५.

'च' हे अक्षर नसेल तर 'चूक' लिहिता येत नाही.

*

१९७६ च्या जून महिन्यात, एका मंगळवारी, तिप्पण्णा शेटच्या कारखान्यातल्या तीन नंबरच्या मागावर नवीन जकार्ड बसलं.

जकार्ड म्हणजे मागाच्या डोक्यावरची पेटी. भोकं पाडलेले पुठ्ठे एकामागून एक तिच्यासमोर येतात. भोक असेल तिथे सुई आत जाते, तिचा आकडा वर उचलला जातो, आकड्याला बांधलेली दोरी खालचं सूत उचलते. भोक नसेल तिथे सूत खालीच राहतं. चादरीवर मोर असो, कमळ असो, की शेटच्या वडिलांचं नाव असो, पेटीला त्यातलं काही कळत नाही. तिला फक्त भोक कळतं.

भोकं पाडायचं काम अप्पांचं. चन्नप्पा पुठ्ठेवाले. अठरा वर्षांत त्यांनी या एका मागासाठी एकेचाळीस नक्ष्यांचे पुठ्ठे पाडले. मागच्या सात वर्षांत थोडे मीही पाडले, त्यांनी शाईने मांडून दिलेल्या ठिपक्यांवर.

आणि एक गठ्ठा वेगळा. त्यात मोर नाही, कमळ नाही. त्याला सगळे 'मास्तर' म्हणायचे.

नवीन बीम, म्हणजे उभ्या सुतांचा रूळ, मागावर चढलं की पहिलं हात-दोन हात कापड वायाच जातं. सुतं ताणात यायला तेवढं लागतं. सगळीकडे ते कापून पुसायला घेतात. अप्पा तेवढ्या कापडात मास्तर लावायचे. माग खडखड करत स्वतःच्याच अंगावर सूचना विणायचा. पट्टी कापून मागाशेजारच्या खिळ्याला टांगायची, बीम संपेपर्यंत ती तिथेच. नवा विणकर आला तरी त्याने कोणाला विचारायचं नाही, पट्टी बघायची.

धोटा अडला — पट्टा सोड, मागे घे
दोरी तुटली — गाठ मार, ओढू नको
पुठ्ठा फाटला — खळ लाव, वाळू दे
कळेना — माग थांबव

त्याच्याखाली उजव्या अर्ध्यात एक नागमोडी, तुटक वेल. डावीकडे कोरं.

कागदावर का नाही लिहिलं? कागद तेलाने भिजतो, कापसाची पिंज बसते, कोणीतरी त्यात शेंगा बांधून नेतं. अप्पांचा कागदावर विश्वास नव्हता. शिवाय त्यांना मराठी लिहिता येत नव्हतं. कानडीत सही येत होती, तेवढीच. मास्तरची अक्षरं मी चौकटीच्या कागदावर काढून दिली होती, १९६४ साली, दहा वर्षांची असताना. वेल त्यांनी स्वतः पाडली. "ही कसली वेल, अप्पा?" म्हणून मी हसले होते. "शिकलालोय," ते म्हणाले होते.

*

बुधवारी सकाळी नव्या जकार्डावर मास्तर लागला.

"धोटा अडला" — स्वच्छ. मग करवतीचे दाते.

"दोरी तुटली" — स्वच्छ. मग दाते.

"पुठ्ठा फाटला" — दाते.

हिंदुरावने चौथ्या ओळीच्या आधीच पट्टा सोडला. "आयला," तो म्हणाला, "दुखणं वाचता येतंय, औषध वाचता येईना."

विणकर हसले. शेट हसले नाहीत. त्यांनी मोराचे पुठ्ठे लावायला सांगितले. मोराची मान ठीक, पिसारा उंदरांनी कुरतडल्यासारखा. कमळाचंही तेच. मग पेटीबरोबर मुंबईहून आलेले नवे पुठ्ठे लावले. द्राक्षांचा घोस. एकेक मणी गोल.

शेटनी द्राक्षांवरून हात फिरवला. "पेटी बरोबर हाय की."

"पुठ्ठे परवापर्यंत बरोबर होते, शेट," मी म्हणाले.

"दाक्षायणी, परवापर्यंतची पेटी झिजलेली होती. तुझ्या अप्पाचं वाकडं तिच्या वाकड्यात खपत होतं. आता सरळ पेटी आली, वाकडं दिसलं." मग आवाज खाली आणून, कारण अप्पा दोन हातांवर उभे होते, "डोळे गेलेत त्याचे. मान्य करायला काय जातं? फाटकाशी खुर्ची देतो. सावलीत बसू दे. पुठ्ठे शनिवारी गाडीवाल्याला देऊन टाकू."

मी अप्पांकडे बघितलं. जाड भिंगाच्या चष्म्यातून ते पट्टीकडे बघत होते. डोळे गेलेला माणूस बघतो तसं नाही. ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं तसं.

मग ते पुठ्ठ्यांची फळी झाडायला लागले.

*

घरी अव्वा कांड्या भरत बसली होती. चाक फिरवायला डावा हात, सूत धरायला उजवा.

"काय झालं? दोघं तोंड पाडून आलाव ते?"

मी सांगितलं. शनिवार, गाडीवाला, खुर्ची.

"एकेचाळीस गठ्ठे?" अव्वाने चाक थांबवलं, अप्पांकडे वळली. "री, तुमी काय बोलला न्हाई?"

"काय बोलू? माझंच काम हाय ते."

"चुकलंय का ते?"

अप्पांनी चष्मा काढून धोतराने पुसला. "जेवायला वाढ," ते म्हणाले.

अव्वा उठली. ताट जरा जोरातच ठेवलं. पण पुढे तीही बोलली नाही, आणि हे मला विचित्र वाटलं. आमच्या घरात तिची बोलायची पाळी सहसा संपत नाही.

*

मी केलेली तपासणी. बुधवार दुपार ते शुक्रवार.

पुठ्ठे ओले आहेत का? नाहीत. जूनची हवा, पण अजून कोरडीच.

पुठ्ठ्यांची ओवणी मागेपुढे झालीय का? चारदा मोजली. नाही.

पुठ्ठा उलटा लागलाय? मग सगळंच उलटं दिसलं असतं, डावीकडचंसुद्धा.

सूत? तेच बीम, तीच द्राक्षं गोल.

म्हणजे पेटी बरोबर आणि पुठ्ठेही बरोबर. दोन बरोबर गोष्टी समोरासमोर ठेवल्या की असं का व्हावं? शेटकडे उत्तर होतं, आणि ते सोपं होतं. मला सोप्या उत्तराचा राग येत होता. एवढ्याने ते खोटं ठरत नव्हतं.

गुरुवारी रिकाम्या वेळात मी ट्रंकेतून १९६४ चा चौकटीचा कागद काढला. दहा वर्षांच्या मुलीने काढलेलं 'धो' अजून तिथे होतं, पोट सुटलेलं. शेजारी दातेरी पट्टी पसरली. भिंग घेतलं, एक सुई घेतली आणि डावीकडून एकेक सूत मोजायला लागले.

आठ. बरोबर. आठ. बरोबर. असं वीस वेळा.

एकविसाव्या ओळीत पहिली सहा सुतं बरोबर. सातव्या जागी कागदावरचं आठवं. आठव्या जागी सातवं.

बाविसावी, तसंच. तेविसावी, तसंच. पन्नासाव्यापर्यंत.

माणसाचे डोळे गेले तर तो कुठेही चुकतो. इथे एकजण तीस वेळा एकाच जागी चुकत होता, आणि दर पुठ्ठ्यावर, बारा वर्षांपूर्वीसुद्धा. ही चूक नव्हती. हे नेमाने केलेलं काम होतं.

हिंदुरावला बोलावलं. "तुमी बांधलेल्या दोऱ्या एकदा बघता का? एकविसाव्या ओळीपासून सात आणि आठ."

"माज्यावर संशय व्हय, ताई?" पण शिडी लावून चढला. सगळ्या मोजल्या. "सात सातालाच हाय. आठ आठालाच. शपथ घेऊन सांगतो."

"आणि जुन्या पेटीच्या दोऱ्या?"

"त्या मागं भंगारात पडल्यात. मी सोडवल्या न्हाईत, आकड्यांसकट काडल्या. लई कुजलेल्या हुत्या."

*

भंगार कारखान्याच्या मागच्या अंगणात, कडुनिंबाखाली. जुन्या दोऱ्यांचा गठ्ठा म्हाताऱ्या बाईच्या केसांसारखा पडला होता. मी तिथेच मातीत बसून तो उलगडला.

पहिल्या वीस ओळी सरळ.

एकविसाव्या ओळीत सातव्या आकड्याला आठवी दोरी. आठव्याला सातवी. फुलीसारख्या.

तर हे असं होतं. दोऱ्या चुकीच्या बांधल्या गेल्या होत्या, आणि अप्पांनी त्या चुकीला धरून भोकं पाडली होती. सातवं सूत उचलायचं असेल तर आठवं भोक. आठवं उचलायचं असेल तर सातवं. अठरा वर्षं. प्रत्येक मोर, प्रत्येक कमळ. जुन्या पेटीवर दोन उलट्यांचं एक सुलट होत होतं. आता पेटी सुधारली आणि अप्पा एकटेच उलटे राहिले.

मी आनंदाने उठणार होते. शेटपुढे हा गठ्ठा आपटायचा, एवढंच डोक्यात होतं.

मग गाठी दिसल्या.

वीस ओळींच्या गाठी उजवीकडे वळलेल्या. एकविसाव्यापासून सगळ्या डावीकडे. ती गाठ मला माहीत होती. माझ्या शाळेच्या वेण्यांना तीच होती. पिठाच्या पिशवीला तीच. ती सोडवताना अप्पा दरवेळी अव्वाला म्हणायचे, "तुझी गाठ उलटी असती, ईरम्मा, हात भरकटतो."

मी गठ्ठा होता तसा गुंडाळला.

*

शुक्रवारी संध्याकाळी फाटकाशी अप्पांना गाठलं. शेटनी खुर्ची आधीच आणून ठेवली होती. अप्पा तिच्यात बसले नव्हते, शेजारी उभे होते.

"अप्पा, दोऱ्या अव्वाने बांधल्या होत्या."

त्यांनी आजूबाजूला बघितलं. कोणी नव्हतं.

"वीस ओळी मी बांधल्या," ते म्हणाले. "मग ताप चढला. बांधणीला दोघं लागतात, एक देणारा, एक बांधणारा. मदतीचा माणूस पळून गेला होता. थोरले शेट बाईला जकार्डाला हात लावू द्यायचे न्हाईत. बाईचा हात लागला की बिघडेल म्हणायचे. मी हातापाया पडून तिला आत घेतलं. मी खाली पडून दोरी देतोय, ती वरून बांधतीय. तू मागाखाली खेळत होतीस."

"आणि चुकलं."

"तापात मी कशी दिली आन् तिनं डाव्या हातानं कशी घेतली, देवाला ठाऊक. तिसऱ्या दिवशी पहिला नमुना पाडला तेव्हा कळलं."

"मग सोडवून परत बांधायच्या."

"थोरल्या शेटना काय सांगून? बाईनं बिघडवलं म्हणून? हेच ते म्हणत होते." अप्पांनी खुर्चीच्या पाठीवरची धूळ झटकली. "दोऱ्या त्यांच्या होत्या. पुठ्ठे माझ्या हातात होते. म्हटलं, आपलं आपण वाकवू."

"आता सांगू या की. थोरले शेट गेले. कोण काय म्हणणार आहे?"

"साकू," ते कानडीत म्हणाले. म्हणजे, पुरे. "अठरा वर्षं तिला ठाऊक न्हाई. आता कशाला? पुठ्ठे जाऊ देत."

"आणि तुमचं नाव?"

"म्हाताऱ्याचे डोळे गेले म्हणतील. जातातच."

*

शनिवारी सकाळी गाडीवाला आला, बैल सोडून बिडी ओढत बसला. गठ्ठे अंगणात काढून ठेवले होते.

मी रात्रभर एक वाट शोधली होती. जुन्या दोऱ्या दाखवायच्या नाहीत. फक्त पट्टी आणि कागद दाखवायचा: बघा शेट, चूक नेमाची आहे, एकाच जागची आहे, म्हणजे पेटीची होती. कोणी बांधली हे कळायची गरज नाही. त्यासाठी पट्टी पुरी हवी होती. बुधवारी हिंदुरावने ती मध्येच थांबवली होती.

"शेट, गाडीवाला बिडी संपवेपर्यंत मास्तर एकदा पूर्ण चालवू द्या."

"लाव की," शेट म्हणाले. "शेवटचाच हाय."

अव्वा तेवढ्यात कांड्यांची टोपली घेऊन आली. अप्पा दारात होते. हिंदुरावने पट्टा चढवला.

धोटा अडला, दाते. दोरी तुटली, दाते. पुठ्ठा फाटला, दाते. कळेना, दाते. मी भिंग आणि कागद घेऊन तयार होते.

मग वेलीची जागा आली. डावीकडे कोरं. उजवीकडे, एकविसाव्या ओळीपासून पुढे, वेल आलीच नाही.

अक्षरं आली. माझी नव्हेत. 'स' एका बाजूला कललेला, 'ब'चं पोट रेघेबाहेर. पण एकाही अक्षराला दाता नव्हता. मास्तरमधल्या माझ्याच अक्षरांतून एकेक वेचून, बघून बघून काढलेली.

सातवी आठवी मी बांधली

लिहिता न येणाऱ्या माणसाने, बारा वर्षांपूर्वी, या एका ओळीत सात-आठ न फिरवता. जुन्या पेटीवर ती ओळ कोणाला वाचता येणार नव्हती, म्हणून वेल. ज्या दिवशी कोणीतरी दोऱ्या सरळ बांधेल, त्याच दिवशी ती वाचता येणार होती, आणि त्याच दिवशी कोणीतरी विचारणार होतं की आधी कोणी बांधल्या होत्या. उत्तर तयार होतं. मास्तरच्या शब्दांत 'च' कुठेच नव्हता. म्हणून 'चूक' लिहिता आलं नसावं.

"काय लिवलंय?" अव्वाने विचारलं. तिला वाचता येत नाही.

मी अप्पांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. वाच, म्हणून.

"सातवी आठवी मी बांधली. अप्पांनी लिहिलंय."

अव्वाने टोपली खाली ठेवली.

"खोटारडं," ती म्हणाली.

"ईरम्मा—" अप्पा पुढे आले.

"तुमी गप्प बसा, री. अठरा वर्षं गप्पच हाव, आता दोन मिनिटं जास्त बसा." ती शेटकडे वळली आणि डावा हात वर धरला, शपथ घेतल्यासारखा. "या हातानं बांधल्या, शेट. एकविसाव्यापासनं सगळ्या. ह्यांना ताप होता. उलट्या पडल्या. ह्यांचे पुठ्ठे वाकडे न्हाईत, माझ्या दोऱ्या वाकड्या होत्या. तुमच्या वडिलांना काय सांगायचं ते वर गेल्यावर मी सांगते."

कोणी हसलं नाही. मग हिंदुराव हळूच म्हणाला, "म्हणून गाठी डाव्या. मी म्हणलं, कोन म्हनायचा हा पठ्ठ्या."

"तुला ठाऊक होतं?" अप्पांनी अव्वाला विचारलं.

"माझ्याच हातानं घातलेली गाठ मला कळंना व्हय? तुमाला तिसऱ्या दिवशी कळलं. मला त्याच संध्याकाळी. कापून टाकायला उठले, तर कातरी सापडली न्हाई. दोन दिवसांनी बघते, तुमी पुठ्ठ्याला भलतीकडं भोक पाडलालाव. मग मी बी काय बोलले न्हाई."

शेटनी पट्टीवरून हात फिरवला. मग गाडीवाल्याला म्हणाले, "थांब जरा." थांब म्हणाले, जा म्हणाले नाहीत.

*

सगळं परत मिळालं असं नाही. नवी पेटी वाकडी बांधायला शेट तयार नव्हते, आणि ते बरोबर होतं. एकेचाळीस नक्ष्यांपैकी नऊ ठेवल्या; बत्तीस बैलगाडीतून गेल्या. मोर गेला. खुर्ची फाटकावर राहिली, हिंदुराव तिच्यात बसून चहा पितो.

नऊ नक्ष्यांचे पुठ्ठे दुरुस्त करायला आम्हाला दिवाळी आली. चुकीच्या भोकावर खळीने कागदाची टिकली चिकटवायची, वाळू द्यायची, शेजारचं भोक पाडायचं. टिकल्या अव्वा चिकटवायची, भोकं अप्पा पाडायचे, मी मोजायची. अव्वा डाव्या हाताने पुठ्ठा पुढे करायची, अप्पा उजव्या हाताने घ्यायचे. कधीतरी दोघांचे हात मध्येच अडकायचे, मग तंटा.

शेवटी मास्तरचा गठ्ठा राहिला. चार ओळी सुधारल्या. पाचवीशी मी थांबले. ती नव्या पेटीवर सुधारलेलीच होती. हात लावायचं कारण नव्हतं.

"ती बी कर," अव्वा म्हणाली.

"अगं, ती सरळ आहे. सात-आठ फिरवलं तर परत दाते होतील. कोणाला वाचता येणार नाही."

"मग? खोटं वाचून कोणाला काय करायचंय?" तिने टिकली उचलली. "वेल होती, वेलच राहू दे. चांगली दिसत होती."

मी अप्पांकडे बघितलं. ते शाईने बोट रंगवून टिकल्यांवर जागा मांडत होते. सातव्यावर एक ठिपका, आठव्यावर एक.

आता प्रत्येक नव्या बीमच्या सुरुवातीला मास्तर चार ओळी स्वच्छ सांगतो आणि पाचव्या जागी वेल विणतो.

*

जुनं जकार्ड उतरवलं त्या मंगळवारी, पेटीवरच्या आडव्या लाकडाला, शिडीशिवाय हात पोचणार नाही अशा जागी, सुतळीने बांधून ठेवलेली एक गंजकी कातरी हिंदुरावला सापडली होती; सुतळीची गाठ अप्पांच्या गाठींसारखी उजवीकडे वळलेली होती.